'चीफ किम': पैसे खाणारा नायक आवडतो तरी का? आणि ते कॉरिडॉरमधलं टेबल खरं असतं का?

निवांतराव

केबीएस या कोरियन वाहिनीची 2017 ची मालिका 'चीफ किम' बघतोय. काही ठिकाणी हीच मालिका 'गुड मॅनेजर' नावाने सापडते, शोधताना गोंधळ नको म्हणून आधीच सांगतो. 20 भागांपैकी निम्मे झाले. एकदा बसलो की दोन भाग संपल्याशिवाय उठवत नाही. हसून हसून पुरेवाट होते, आणि तरी दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत.

पहिली म्हणजे नायक. किम सॉन्ग-र्योंग हा उघड उघड पैसे खाणारा माणूस. गुन्सानमध्ये गुंडांचे हिशेब लिहायचे, त्यातून बेताबेताने काढून घ्यायचे, आणि 100 कोटी वॉन जमले की कायमचं डेन्मार्कला निघून जायचं, असा त्याचा बेत. टीक्यू ग्रुपसारख्या बड्या कंपनीत शिरतो तोही मोठा हात मारायलाच. असा माणूस मला आवडायला नको. पण आवडतोय, आणि का ते कळत नाही.

दुसरी म्हणजे शिक्षा म्हणून त्याला कॉरिडॉरमध्ये टेबल टाकून बसवतात ते प्रकरण. काम नाही, येणारे-जाणारे बघतात, आणि पगार मात्र चालू! काढायचंच आहे तर सरळ काढून टाका ना. हे मालिकेपुरतं आहे की तिकडे खरंच असं करतात?

कोणी कोरियात नोकरी केली असेल तर उत्तम. शेवट फोडू नका ही विनंती.

चहाटळ

का आवडतो याचं अर्धं उत्तर नामगुंग मिनचा चेहरा. वर्षभर आधी हाच माणूस एसबीएसच्या 'रिमेंबर'मध्ये बड्या उद्योगपतीचा माजलेला पोरगा होता, बघून अंगावर काटा यायचा. इथे तेच डोळे, तेच ओठ, आणि माणूस भलताच. पकडला जातोय असं वाटलं की आधी गाल हलतो, मग भुवया, मग तोंडातून थाप. तो टप्पा मी तीनतीनदा मागे घेऊन बघितलाय.

बाकीचं अर्धं उत्तर ताळेबंदताई देतील. त्या सोलला हिशेबातच होत्या. ताई, या धाग्यावर या.

ताळेबंद

आले.

दुसरा प्रश्न आधी घेते, तो सोपा आहे. हो, करतात. निदान करायचे.

कोरियाच्या कामगार मानक कायद्यात कलम 23 आहे. योग्य कारण असल्याशिवाय मालकाला कोणाला काढता येत नाही. धंदा बसला म्हणून माणसं कमी करायची तर कलम 24: निकड दाखवा, काढणं टाळण्यासाठी काय काय केलं ते दाखवा, कामगारांच्या प्रतिनिधींना 50 दिवस आधी कळवून चर्चा करा. एवढा खटाटोप कोण करणार? त्यापेक्षा माणसाने स्वतःच्या हाताने राजीनामा लिहून दिला तर सगळे मोकळे. मग तो लिहील अशी व्यवस्था करायची. काम काढून घ्यायचं, टेबल हलवायचं, बैठकीला बोलवायचं नाही. 2016 मध्ये तिथल्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने स्वेच्छानिवृत्ती नाकारणाऱ्या माणसाला लॉकरांकडे तोंड करून बसवल्याची बातमी झाली होती, बरीच आरडाओरड झाली. मालिका त्यानंतर वर्षाच्या आत आली. तेव्हा बघणाऱ्यांना ते टेबल काल्पनिक वाटलंच नसणार.

मी माफो भागात, कोंगदोक स्टेशनजवळच्या एका कंपनीत होते. नाव सांगत नाही. भिंतीकडे बसवलेला माणूस तिथे पाहिला नाही, पण एका वयस्कर बुजांगना, म्हणजे आपल्या विभागप्रमुखांना, नवीन 'अभ्यास गटा'त टाकलं होतं. गटात ते एकटे. रोज वेळेवर यायचे, कोट खुर्चीच्या पाठीला व्यवस्थित लावायचे, संगणक सुरू करायचे आणि संध्याकाळपर्यंत वर्तमानपत्र वाचायचे. जेवायला कोणासोबत जायचं हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांना न टाळता कसं टाळायचं हा इतरांचा. कोणी एक शब्द वावगा बोलत नव्हतं. 16 जुलै 2019 पासून कामाच्या ठिकाणी छळ करण्याला मनाई करणारी तरतूद कायद्यात आली, म्हणजे आज असं झालं तर निदान तक्रार कुठे करायची ते तरी ठरलेलं आहे.

किमला त्या टेबलावर बसवतात तेव्हा गंमत काय होते? ती शिक्षा चालते लाजेवर. ज्याला लाज वाटते त्याच्यावरच चालते. किमला कुठली लाज! तो तिथे आरामात संसार थाटतो. त्याच टेबलावर आधी बसवलेल्या ओ बुजांगची गोष्ट तुमची बघून झाली असेल, कारण निम्मे भाग झालेत. गच्चीच्या कठड्यावर उभ्या असलेल्या त्या माणसाला किम काय सांगतो ते आठवा. आयुष्य सुंदर आहे वगैरे नाही. तो विचारतो, तुम्ही कधी पैसे खाल्ले का? नाही ना? मी तर खोऱ्याने खाल्ले आणि मजेत जगतोय, मग मरायचं तुम्ही का? मला वाटतं मालिकेचा सगळा जीव त्या एका प्रसंगात आहे. प्रामाणिक माणसाला त्याचा प्रामाणिकपणा कोणी तरी मोजून परत द्यावा, आणि ते काम करायला अख्ख्या इमारतीत एक अफरातफर करणाराच सापडावा.

आता पहिला प्रश्न.

ऑफिसवरच्या मालिका मी ढीगभर बघितल्या. फायली छातीशी धरून लोक धावतात, 'उद्या सकाळपर्यंत पाहिजे' असं कोणीतरी ओरडतं, पण नेमकं काम काय चाललंय ते लेखकालाही माहीत नसतं. इथे काम दिसतं. किम जिथे येतो तो ग्योंगनी विभाग, म्हणजे बिलं, पावत्या, खर्चाची परतफेड. भांडवल उभारणारे, गुंतवणूक बघणारे वरच्या मजल्यावर. हे खालचे फक्त 'पावती कुठे आहे' विचारतात म्हणून सगळ्यांचे नावडते.

पावत्यांचं प्रकरण तिथे किती जिवावर येणारं असतं ते सांगते. महिनाअखेरीला आम्ही ए-फोर कागदावर पावत्या चिकटवायचो. गोंदाची कांडी घ्यायची, पावतीच्या फक्त वरच्या कडेला लावायची, आणि एकीवर दुसरी अर्धी चढवत खाली यायचं, म्हणजे प्रत्येक पावती उचलून तारीख आणि रक्कम वाचता येते. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते, म्हणून त्या अख्ख्या पानाची झेरॉक्स मागे जोडायची. पुरावे पाच वर्षं सांभाळावे लागतात आणि कर खात्याच्या माणसापुढे कोरी पट्टी ठेवून चालत नाही. त्या काळात पाहुणचाराचा खर्च 10,000 वॉनच्या वर गेला की कंपनीच्या कार्डाचीच पावती किंवा तसाच पक्का पुरावा लागायचा. 2021 पासून ती मर्यादा 30,000 झाली.

आणि कार्डाची पावती बोलते हो. तिच्यावर वेळ छापलेली असते. जागा: कोंगदोक बाजारातली जोकबालची गल्ली, जिथे डुकराचे पाय शिजवून विकणाऱ्या खाणावळी ओळीने आहेत. वेळ: रात्री पावणेबारा. कारण: 'ग्राहकासोबत बैठक'. ग्राहक कोण? समोरचा छताकडे बघतो. त्यातच सप्टेंबर 2016 पासून किम यंग-रान कायदा लागू झाला. तेव्हाच्या मर्यादा अशा: सरकारी अधिकारी, शिक्षक, पत्रकार यांना जेवण घालायचं तर माणशी 30,000 वॉनच्या आत, भेटवस्तू 50,000 च्या आत. मग काय, बिल वाढलं की जेवायला बसलेली माणसं वाढायची. कागदावर. चौघांनी खाल्लेलं सहाजणांच्या नावावर लिहिलेलं मी ओळखू शकायचे, पण सिद्ध करायचं कसं? ओळखायला शिकायचं असेल तर तशी बिलं आधी स्वतः बनवलेली असावी लागतात.

किमने बनवलेली आहेत. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. खोटं व्हाउचर त्याच्या हातात आलं की तो ते वाचत नाही, हुंगतो. म्हणूनच अध्यक्षांचा मुलगा पार्क म्यंग-सोक स्वतःच्या चैनीच्या पावत्या घेऊन 'हे पैसे द्या' म्हणत विभागात येऊन धिंगाणा घालतो, तेव्हा अख्खा विभाग माना खाली घालून बसलेला असताना हा उठतो आणि त्याचा हात पिरगाळून बाहेर काढतो. तो प्रसंग मी ज्या मैत्रिणीसोबत पाहिला ती तिथल्याच एका कंपनीत डेरी, म्हणजे खालून दुसऱ्या पायरीवर, होती. ती टाळ्या वाजवायला उभीच राहिली. मालकाच्या मुलाचा हात पिरगाळणं हे तिच्या लेखी फार मोठं नव्हतं. 'या पावतीवर पैसे मिळणार नाहीत' हे तोंडावर बोललं गेलं, ते मोठं होतं.

तर का आवडतो? निवांतराव, माझं मत असं की लेखकाने त्याला चांगला दाखवायची घाई केलेली नाही. कंपनी त्याला नोकरी देते तीच मुळी बळीचा बकरा म्हणून. त्याच पदावरच्या आधीच्या ली ग्वाजांगवर (ग्वाजांग हे मधल्या फळीतलं पद) अफरातफरीचं खापर फोडून झालंय, तो बेशुद्ध पडून आहे, आता असा माणूस हवा जो सांगाल ते लिहील आणि वेळ आली की ज्याच्यावर ढकलता येईल. हा आत येतो तो स्वतःचा हिस्सा काढायला. त्यात एकदा बर्फावरून पाय घसरतो आणि ली ग्वाजांगच्या बायकोला गाडीखाली जाण्यापासून वाचवल्याचं पुण्य फुकट पदरात पडतं. लोक 'सज्जन, सज्जन' म्हणून डोक्यावर घेतात. त्याला स्वतःला ते अंगावर येतं! चांगुलपणा त्याच्या गळ्यात पडतो, तो शोधत जात नाही. पुढे त्याला त्याची थोडी चटक लागते, पण ती सुद्धा भूक लागल्यासारखी. कुरकुरतच.

शिवाय रकमांचा हिशेब करा. याचं स्वप्न 100 कोटी वॉनचं. आणि ज्यांच्याशी गाठ आहे ते ताळेबंदच रंगवून बसलेत. त्याच सुमारास खऱ्या कोरियात देवू शिपबिल्डिंगच्या खोट्या हिशेबांचं प्रकरण गाजत होतं, आकडा होता 5 लाख कोटी वॉनच्या वर. मालिका संपून आठवडा होतोय तोच, एप्रिल 2017 मध्ये, त्यांचं ऑडिट करणाऱ्या डेलॉइट आंजिनला 12 महिने नवी कामं घेण्यावर बंदी आली. आम्हा हिशेबवाल्यांसाठी ती मालिका आणि त्या बातम्या असं वेगळं काही राहिलंच नव्हतं.

देशातली हवाही तशीच होती. पहिला भाग 25 जानेवारी 2017 चा, शेवटचा 30 मार्चचा. या दोन तारखांच्या मध्ये सॅमसंगचे ली जे-योंग अटकेत गेले आणि घटना न्यायालयाने राष्ट्राध्यक्ष पार्क ग्यून-हे यांना पदावरून काढलं. शेवटचा भाग लागला त्याच रात्री, म्हणजे 31 च्या पहाटे, पार्कबाईंना अटक झाली. डेन्मार्क तरी किमला का हवाय? भ्रष्टाचार सगळ्यात कमी म्हणून. 2016 च्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या यादीत डेन्मार्क आणि न्यूझीलंड 90 गुणांनी पहिले, दक्षिण कोरिया 53 गुणांनी 52 वा. भ्रष्टाचार नको म्हणून देश सोडायचाय आणि त्याचं भाडं भ्रष्टाचारातून काढायचंय. या विनोदावर तिथले लोक कुठल्या मनःस्थितीत हसले असतील याची कल्पना करा. समोर एसबीएसवर ली यंग-एची भव्य ऐतिहासिक मालिका 'साइमदांग' होती, तिला मागे टाकून हे पावत्यांचं नाटक 18 टक्क्यांच्या वर गेलं.

फार लांबलं. थांबते.

उत्तरा_नक्षत्र

ताळेबंद, बरंचसं पटलं, पण कौतुक जरा जास्त झालं. शेवट न फोडता सांगते: उत्तरार्धात मालिका ढेपाळते. सुरुवातीला विनोद छोट्या गोष्टींत आहे, कोणाचा खर्च मंजूर, कोणाचा नामंजूर. नंतर अध्यक्ष, गुप्त खाती, पाठलाग, गुंड, फिर्यादी पक्ष असं सुरू होतं आणि ते तर कुठल्याही कोरियन मालिकेत मिळतं.

बायकांचं काय? यून हा-ग्यंग, म्हणजे नाम सांग-मी, पहिल्या भागांत ताठ कण्याची आहे. हिशेबात खोट दिसली की विचारणारी ती एकटी. किम आल्यावर तिच्या वाट्याला त्याच्याकडे आश्चर्याने बघणं जास्त येतं. हाँग गा-ऊन तर गुप्तपणे पेरलेली इंटर्न, केवढी शक्यता होती! तिला गोड आणि बावळट करून टाकलंय. आणि सगळा मोठा प्रणय किम आणि सो-युल या दोन पुरुषांचा. केबीएसच्या त्या वर्षीच्या पुरस्कारांत 'सर्वोत्तम जोडी' म्हणून नामगुंग मिन आणि ली जुन-हो यांनाच घेतलं, यात सगळं आलं.

बाईमाणसाच्या अंगाने ऑफिस बघायचं असेल तर केबीएसचीच 2013 ची 'द क्वीन ऑफ ऑफिस' बघा. 16 भाग. किम हे-सू मिस किम आहे, तीन-तीन महिन्यांच्या करारावर काम करणारी. 124 प्रमाणपत्रं आहेत तिच्याकडे. ठरलेल्या कामाबाहेर बोट हलवत नाही, जादा वेळेचे पैसे वाजवून घेते, सहकाऱ्यांच्या पार्टीला जात नाही. मूळ जपानी मालिका, पण कोरियात ती वेगळीच लागते, कारण 2007 च्या कायद्याने कंत्राटी माणसाला दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलं तर कायम मानावं लागतं आणि म्हणून कंपन्या दोन वर्षं भरायच्या आतच नारळ देतात. मिस किम त्यांच्या आधीच स्वतः निघून जाते.

ताळेबंद

उत्तरा, गुंडांबद्दल शंभर टक्के. माझ्यासाठी मालिका जिथे व्हाउचरपासून दूर जाते तिथे ती साधी होते. मधली टीक्यू डिलिव्हरीची गोष्ट मात्र उत्तरार्धाच्या उंबरठ्यावर असूनही चांगली आहे. एकाही माणसाला न काढता कुरिअर कंपनी सावरायची, हे कोडं हिशेबाचंच आहे आणि पैसा कुठे गळतोय हे शोधण्यात विनोद आणि उत्कंठा दोन्ही आहेत. निवांतराव, ते आलं नसेल तर सावकाश बघा.

हा-ग्यंगबद्दल वाईट मलाही वाटलं. पण एक बघ, विभागातला सगळ्यात नेमका माणूस माझ्या मते किमही नाही आणि तीही नाही. तो चू नाम-हो, किम वॉन-हेने केलेला बुजांग. बायको-मुलं परदेशात, हा इथे एकटा राहून पैसे पाठवणारा. अशा बापांना तिथे 'हंस बाप' म्हणतात, मुलांच्या इंग्रजी शिक्षणापायी अर्धं आयुष्य विमानतळावर निरोप देण्यात जातं. वरून शिवी आली की मान डोलावतो, खाली पाठवताना तिची धार थोडी कमी करतो. स्वतःचा अभिमान घरी खुंटीला अडकवून येणारा माणूस. मी ज्यांच्या हाताखाली होते ते असेच होते. कोणाच्या बाजूने कधी उभे राहिले नाहीत, पण कोणाचं नाव वरही कधी दिलं नाही. त्यांना मी तेव्हा भित्रे समजायचे. आता त्यांच्या वयाच्या जवळ आल्यावर मत जरा वेगळं आहे, पण तो विषय इथे नको.

सो-युलबद्दल कोणीच बोललं नाही? माजी सरकारी वकील, आता टीक्यूचा वित्त संचालक. तोंडात सतत काहीतरी. धमकी देतानाही चावतोय. खलनायक असून त्याचं खाणं इतकं मन लावून आहे की राग धरताच येत नाही. टूपीएम (2PM) या गाण्याच्या गटातला मुलगा हे करेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

निवांतराव

सगळ्यांचे आभार, विशेषतः ताळेबंदताई. 'हुंगतो' पटलं. काल बसून दोन भाग पुन्हा बघितले, पावत्या हातात येतात तेव्हा त्याचे डोळे खरंच अरुंद होतात.

आणखी एक विचारून घेतो. तिथे कोणी कोणाला नावाने हाकच मारत नाही का? ग्वाजांग, बुजांग, सांगमू. विभागात दहा माणसं आणि दहाही पदव्या! आणि लेखकाचं आणखी काही बघण्यासारखं आहे का?

ताळेबंद

नावाने हाक मारायची सोय नसतेच. खालून वर साओन, डेरी, ग्वाजांग, चाजांग, बुजांग, अशी शिडी, सांगमू त्याहूनही वर, आणि प्रत्येकामागे आदराचं 'निम'. बसण्याची जागाही त्याच क्रमाने. बुजांगची पाठ खिडकीकडे, म्हणजे त्यांना सगळ्यांच्या संगणकांचे पडदे दिसतात. सगळ्यात नवा माणूस दाराशी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच उठून उभा राहतो. माझी खुर्ची दाराशी होती आणि हिवाळ्यात प्रत्येक वेळी दार उघडलं की पहिला गारठा मला. मालिकेतल्या विभागाची मांडणी जरा बारकाईने बघा, कोण कोणाच्या नजरेच्या टप्प्यात बसतो त्यावर निम्मे विनोद आहेत.

मजा म्हणजे मालिका चालू असतानाच, मार्च 2017 मध्ये, सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सने सात पायऱ्यांच्या चार केल्या आणि एकमेकांना पदाऐवजी नाव लावून 'निम' म्हणायला सांगितलं. सीजे ग्रुपने तर ते 2000 सालीच सुरू केलं होतं. पण नाव घ्यायला सांगितलं म्हणून खिडकीकडची खुर्ची कोणी सोडत नाही.

लेखक पार्क जे-बम. 2013 ची 'गुड डॉक्टर' त्यांचीच, जिची पुढे अमेरिकन आवृत्ती निघाली. नंतर 'द फायरी प्रीस्ट' आणि 2021 ची 'विन्सेन्झो'. 'विन्सेन्झो' बघितली असेल तर खूण पटेल, तिथेही मोठ्या बदमाशांना वठणीवर आणायला एक बदमाशच आहे. फरक एवढाच की विन्सेन्झोकडे बंदूक आहे आणि किमकडे कॅल्क्युलेटर. मला दुसरा जास्त भीतीदायक वाटतो, पण तो माझ्या धंद्याचा दोष.

चहाटळ

हे संपल्यावर लगेच दुसरं हलकं काही हवं असेल तर एमबीसीची 2020 ची 'क्कोनदे इंटर्न' (क्कोनदे म्हणजे लहानांना सतत शहाणपण शिकवणारा वडीलधारा). रामेन बनवणाऱ्या कंपनीत ज्या साहेबाने नायकाला इंटर्न असताना छळ छळ छळलं, तोच साहेब काही वर्षांनी दुसऱ्या रामेन कंपनीत त्याच्या हाताखाली वयस्कर इंटर्न म्हणून येतो. किम उंग-सू त्या म्हाताऱ्याच्या भूमिकेत. सूड घ्यायचा तर आहे, पण वयाने वडील माणसाला ओरडायचं कसं, यात पार्क हे-जिनची जी त्रेधा उडते ना! त्या वर्षीचा एमबीसीचा सर्वात मोठा अभिनय पुरस्कार त्यालाच मिळाला.

निवांतराव

नोंदवून ठेवलं. शेवटचं: गुन्सानच्या ऑफिसातली ती ओ ग्वांग-सुक पुढे दिसते का? की तिला तिथेच सोडून दिलं?

ताळेबंद

दिसते, येते ती सोलला. पण डबिंग केलेली आवृत्ती मिळाली तरी घेऊ नका, मूळ आवाजातच बघा. ती किमला लाडिक सूर लावून 'क्क्वाजांगनीम' म्हणून जी हाक मारते, ती डबिंगमध्ये मेली तर तुमचं निम्मं पात्र गेलं.